तंबाखूची मळणी

माणसानं व्यसन लावून घ्यायचंच असेल तर ते वेळच्या वेळी लावून घ्यावं. मिसरूड फुटायच्या वयात शाळेमागच्या पडक्या भिंतीआड ठसकत, डोळे पुसत जी विद्या शिकायची, ती निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर शिकायला बसणं म्हणजे नातवाच्या सायकलवर बसून तोल सावरण्यापैकी आहे. पडलं तर हाड मोडतं, आणि नाही पडलं तरी बघणारे हसतातच.

हे मला कळत नव्हतं असं नाही. तरीही एकसष्टी झाल्यानंतर मी पाइप ओढायला शिकायचं ठरवलं.

या वेडाचं मूळ १९७५ सालात आहे. त्या वेळी मी नांदेडला कॉलेजात होतो. आमच्या भागातल्या पुरुषमंडळींचे तंबाखूच्या बाबतीत दोन तट होते : मळणारे आणि ओढणारे. मळणाऱ्यांच्या कमरेला चंची आणि चुन्याची डबी. ओढणाऱ्यांच्या खिशात ऐपतीप्रमाणे विडीचं बंडल, नाहीतर हैदराबादची चारमिनार. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली आम्ही हैदराबाद राज्यातूनही सुटलो, पण चारमिनार काही आमच्या वडीलधाऱ्यांच्या ओठांवरून सुटली नव्हती. आणि या दोन्ही तटांच्या पार वर, ढगांत डोकं असल्यासारखे, आम्हांला इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक होते. ते पाइप ओढत.

'ओढत' म्हणण्यापेक्षा ते पाइप बाळगत असं म्हणायला हवं. कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की ते शांतपणे पाइप काढत. तो उलटा करून खिडकीच्या चौकटीवर ठोकत. तारेनं साफ करत. त्यात तंबाखू भरत. ती अंगठ्यानं दाबत. काडी ओढत. पाइप पेटून पहिला धूर बाहेर येईपर्यंत तास संपल्याची घंटा होई. त्या धुरामागे अफाट विद्वत्ता आहे याबद्दल आमच्यापैकी कुणालाही शंका नव्हती. पुढे चौतीस वर्षं मी स्वतः मास्तरकी केली. मुलांनी अडचणीचे प्रश्न मलाही विचारले. माझ्याजवळ पाइप नव्हता, त्यामुळे मला दर वेळी उत्तर द्यावं लागलं आणि माझ्याबद्दल मुलांचं काय मत झालं ते सांगण्यात अर्थ नाही.

मुलगा इंग्लंडात लीड्सला नोकरीला गेला तेव्हा त्यानं फोनवर विचारलं, "बाबा, तुमच्यासाठी काय पाठवू?" स्वेटर, घड्याळ असली उत्तरं त्याला अपेक्षित असावीत. मी आवाज खाली आणून सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आईला माहीत आहे?" मी म्हटलं, "सगळ्या गोष्टी आईला माहीत असत्या तर तुझा जन्मच झाला नसता." हे वाक्य मला स्वतःलाही नीटसं कळलेलं नाही, पण वस्तू आली.

आल्या त्या तीन वस्तू. एक पाइप, भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्याशा झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीतून कोरलेला. हे लाकूड सहसा जळत नाही म्हणतात. दुसरी, पन्नास ग्रॅमची एक चपटी गोल पत्र्याची डबी. आणि तिसरा, मुलाच्या तिकडच्या कुणा मित्रानं सांगितलेल्या सूचनांचा दोन पानी कागद. डबी सौ.च्या हाती लागली. तिनं ती उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "बुटाचं पॉलिशसुद्धा आता परदेशातून यायला लागलं का?" मी नाही म्हटलं नाही. खोटं बोलणं आणि खरं न बोलणं यात फरक आहे, आणि चाळीस वर्षांचा संसार त्या फरकावर उभा आहे.

डबीचं झाकण रुपया अडकवून फिरवलं तेव्हा फुस्स झालं आणि आत माझ्या कल्पनेतली तंबाखू नव्हतीच. मला वाटलं होतं, आपल्या पुडीतल्यासारखा चुरा असेल. इथं तर चकत्या! आलेपाकाच्या वड्या पाडाव्यात तशा काळ्या-तपकिरी, एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या. कागद वाचल्यावर उलगडा झाला. पानं वाळवून, पिकवून, शिरा काढून एकावर एक थरांनी रचतात आणि यंत्राखाली दाबतात, ऊबही देतात. असं दिवसचे दिवस दाबून ठेवलं की पानापानांतली साखर आणि तेलं एकमेकांत मुरतात आणि सगळ्यांची मिळून एक वीट होते. तिच्या मग चकत्या पाडायच्या. इंग्लंडच्या उत्तरेला केंडाल नावाचं गाव आहे, ते या तंबाखूसाठी आणि तपकिरीसाठी दोनशे वर्षांहून अधिक काळ नावाजलेलं आहे. जहाजावरच्या खलाशांना लांबच्या सफरीत अशी दाबलेली तंबाखू सोयीची पडे : जागा कमी लागते, लवकर सुकत नाही. लोणच्याचं आणि तंबाखूचं शास्त्र एकच आहे, हे कागदात नव्हतं. ते मी शोधून काढलं.

पुढची कृती अशी होती. चकती बाहेर काढून अर्धा तास सुकू द्यायची, कारण ती बरीच ओलसर असते. मग ती तळहातावर घेऊन मोकळी करायची. पाइपात तीन चिमटी भरायच्या : पहिली लहान मुलाच्या हातानं दाबल्यासारखी, दुसरी बाईच्या हातानं, तिसरी पुरुषाच्या हातानं. (हे ज्यानं लिहिलं त्यानं आमच्या लातूरच्या अक्काचा हात पाहिलेला नाही.) एकदा काडी लावून वरचा थर जाळायचा, दाबायचा, पुन्हा काडी लावायची. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा. घाईनं ओढलं तर जीभ भाजते.

पहिला प्रयोग मी नांदेडला आमच्या गच्चीवर केला. महिना एप्रिल, वेळ दुपारची. सौ. झोपली होती. कागदाप्रमाणे चकती मांडून मी घड्याळ लावलं आणि सावलीत बसलो. अर्ध्या तासानं बघतो तो चकतीचा पापड झालेला! बोट लावलं की भुगा. तो भुगा भरून काडी लावली. पहिला झुरका आला तो तंबाखूचा नव्हे, वणव्याचा होता. जिभेला चटका बसला. दुसऱ्यांदा मी शहाणपणा करून चकती न सुकवता तशीच भरली. ती पेटेचना. अकरा काड्या संपल्या. बाराव्या काडीला पाइपातून गुळगुळ आवाज आला आणि धुराऐवजी कढत वाफ जिभेच्या उरलेल्या भागावर आली. त्या दिवशी रात्री मी आमटीला मीठ नाही अशी तक्रार केली आणि सौ.नं सांगितलं, आज आमटी नाही, कढी आहे.

पण गच्चीवरचा प्रयोग थांबला तो जिभेमुळे नव्हे. आमच्या शेजारी एक सरदारजी राहतात. आम्ही गुरुद्वाऱ्यापासून फार लांब नाही. गल्लीत सात-आठ शीख घरं आहेत. त्यांच्या धर्मात तंबाखू पूर्ण निषिद्ध, नुसती ओढणंच नव्हे, कुठल्याही रूपात. पंचवीस वर्षांचा आमचा शेजार, दर सणाला प्रसादाची देवाणघेवाण. त्या दुपारी वाफेनं कळवळून मी मान वर केली तर सरदारजी त्यांच्या गच्चीवर उभे. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोरीवर वाळत घातलेली पगडीची लांब, निळी कापडं त्यांनी एकेक करून उतरवली, घडी घातली आणि आत नेली. ती अजून ओली होती.

जिभेपेक्षा ते जास्त भाजलं. त्यानंतर ती डबी मी नांदेडच्या घरात उघडली नाही.

मधल्या काळात मी मनाचं समाधान म्हणून थोडं वाचन केलं आणि मला एक थोर सोबती भेटला. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला असद बेग नावाचा मोगली सरदार विजापूरला आदिलशाहीत गेला होता. म्हणजे आमच्या लातूरहून सोलापूर ओलांडलं की आलंच विजापूर. तिथून तो तंबाखू आणि रत्नं जडवलेली एक नळी घेऊन अकबराच्या दरबारी परतला. बादशहाला कुतूहल वाटलं. हकीम हां हां म्हणत असताना त्यानं झुरके घेतले. आमच्या ग्रंथांत या वस्तूबद्दल काही लिहिलेलं नाही, असं हकिमाचं म्हणणं. पुढे अकबर काही त्या वाटेला गेला नाही, सरदारांना मात्र चटक लागली. आणि १६१७ साली जहांगिरानं तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं पुढे काय झालं ते आपण पाहतोच आहोत. मला त्यातलं एवढंच आवडलं की अकबरही तेव्हा साठीच्या घरात होता आणि नवशिका होता. त्यानं काड्या किती वापरल्या याची नोंद मात्र दिसत नाही.

आता लातूरला जायचं ठरवलं त्याचं कारण सांगायला मला जरा जड जातं. लातूरला माझी थोरली बहीण असते, आणि दाजी. दाजींनी बाजारात एका आडत दुकानावर पंचेचाळीस वर्षं मुनीम म्हणून काम केलं. तूर असो, करडई असो, पुढे आलेलं सोयाबीन असो. ते पोत्यात हात घालून मूठभर माल तळहातावर घेत, अंगठ्यानं दाबत आणि पाणी किती ते सांगत. ओलावा मोजायचं यंत्र आलं तेव्हा आधी यंत्राची परीक्षा दाजींच्या तळहातावर झाली म्हणतात. त्याच तळहातावर पन्नास वर्षं तंबाखू मळली गेली. डाव्या हातावर चिमूटभर जर्दा, नखावर चुना, आणि उजव्या अंगठ्याची ती ठेक्यातली फिरत. शेवटी दोन थापा, आणि बार ओठाआड.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे झोपलेले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलो. किल्लारीकडे काय झालंय ते उजाडेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या गल्लीचे हात थरथरत होते. दाजी तेवढे एका पोत्यावर बसून तंबाखू मळत होते आणि येईल त्याच्या हातावर चिमूट ठेवत होते. बोलत काही नव्हते. माझ्याही हातावर त्यांनी ठेवली. जन्मात मी तो एकच बार भरला. जमीन केव्हाच थांबली होती, माझी दुपारपर्यंत हलत होती.

तर गेल्या वर्षी दाजींच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस अक्का जेवली नाही म्हणतात. तपासणीत काही वाईट निघालं नाही. पण डॉक्टरांनी बजावलं, तंबाखू आजपासून बंद, नाहीतर पुढच्या वेळी मी असं सांगेन याची खात्री नाही. दाजींनी चंची त्या दिवशी अक्काच्या हवाली केली. तिनं मला फोनवर सांगितलं होतं, "येताना काही असलं-तसलं आणत जाऊ नको. त्यांच्या डोळ्यांसमोर नको."

आणि मी पिशवीत डबी टाकून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरच्या गाडीत बसलो. मनाला समजावलं की पाइपाची तंबाखू ही काही तंबाखू नव्हे. ती परदेशी आहे, तिला चुना लागत नाही. शिवाय अक्काच्या घराच्या आसपास सरदारजी नाहीत. माणूस स्वतःला फसवताना किती कमी कष्ट घेतो!

दाजी ओसरीवर बसले होते. भूकंपानंतर त्यांनी माळवद उतरवून पत्रे घातले, त्या पत्र्याखाली. तब्येत बरी वाटली. पण हात! उजवा अंगठा डाव्या तळहातावर सारखा फिरत होता. तळहात रिकामा. अक्का म्हणाली, "बडीशेप देते, तर मळून मळून तिचं पीठ करतेत. परवा बसचं तिकीट मळलं. कंडक्टरला दाखवायची पंचाईत."

संध्याकाळी अक्का सिद्धेश्वराला गेली. मी हळूच मागच्या अंगणात जाऊन डबी उघडली. मागं चप्पल वाजली.

"काय करायलाव गुर्जी?"

"काही नाही. ते आपलं… पॉलिश."

दाजी जवळ आले. नाकपुड्या हलल्या. "पालिश न्हाई. तंबाखू हाय की ही." त्यांनी हात पुढे केला. मग मागे घेतला. मग धोतराला पुसला, जसा देवाच्या मूर्तीला लावायच्या आधी पुसतात.

मी झाकण लावायला लागलो. त्या क्षणी मला माझी खरी किंमत कळली होती. डबीवर छापलेल्या किमतीपेक्षा ती बरीच कमी होती.

"मिटू नका," दाजी म्हणाले. "खात न्हाई म्या. नुसती हातात द्या."

दिली. त्यांनी चकती डाव्या तळहातावर घेतली, अंगठ्यानं दाबली, वाकवून पाहिली, वास घेतला नाही. म्हणाले, "पाणी लई हाय हिच्यात. सोयाबीन आसती तर गाडी माघारी लावली आसती."

मी कागदाबद्दल सांगितलं. अर्धा तास.

"कागद कुठल्या गावचा?"

"इंग्लंडचा."

"मंग त्यो तिथल्या उन्हाचा हाय. आपल्या उन्हाचं त्येला काय ठावं?"

त्यांनी चकती वर्तमानपत्रात गुंडाळली, पत्र्याखालच्या सावलीत ठेवली आणि उकिडवे बसले. घड्याळ बघितलं नाही. दोनदा बोट लावून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "आता." मी घड्याळ बघितलं होतं : नऊ मिनिटं.

मग त्यांनी मळायला घेतली. मला भीती होती की सवयीनं चुन्याच्या तंबाखूसारखी रगडतील. तसं झालं नाही. अंगठा टेकत होता आणि सुटत होता. दाबलेले थर हळूहळू एकमेकांपासून वेगळे झाले, त्यांच्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांचे धागे झाले. बारीक शेवया वळल्यासारखे. महिनोन् महिने यंत्राखाली एकजीव झालेली ती पानं त्यांच्या तळहातावर पुन्हा सुटी होत होती. एक काडी निघाली ती त्यांनी नखानं उडवली. मी अंगणात उभा राहून बघत होतो आणि दाजींचा चेहरा १९९३ च्या पहाटेसारखा शांत झाला होता.

शेवटी, पन्नास वर्षांच्या शिरस्त्यानं, दोन थापा बसल्या. धूळ उडाली. दोघंही शिंकलो. आणि मग उजव्या हाताच्या तीन बोटांनी आपणहून चिमूट उचलली आणि ती वर निघाली. हनुवटीपाशी आली. खालचा ओठ थोडा सुटला.

"दाजी," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

चिमूट तिथं थांबली. मला वाटलं बराच वेळ थांबली. तेव्हा मात्र मी घड्याळ बघितलं नाही. मग "हां हां" म्हणून त्यांनी ती माझ्या हातातल्या पाइपात सोडली. दुसरी सोडली. तिसरीही. कुणाच्या हातानं दाबायची वगैरे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण हात त्यांचाच होता, तिन्ही वेळा.

दोन काड्यांत पाइप पेटला. गुळगुळ नाही, चटका नाही. दाजी वाऱ्याच्या अंगाला, धूर येणार नाही असे बसले आणि म्हणाले, "सांगा कसं लागतंय."

चौतीस वर्षं मी मुलांना रसग्रहण शिकवलं, पण परीक्षा त्या दिवशी होती. मी म्हटलं, "आधी कडब्याच्या गंजीत शिरल्यासारखं वाटतंय. नवा कडबा. उन्हात तापलेला."

"हं."

"आता गोड. साखरेचं नाही. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला जी खरवड धरते ना, तसलं."

"जरा करपलेली?"

"जरा करपलेली. आणि मागनं आंबूस. चिंच म्हणा. आता जिभेच्या शेंड्यावर मिऱ्यासारखं काहीतरी."

"जीभ नका भाजू. सावकाश." त्यांनी डोळे मिटले होते. "घशात?"

"घशात घ्यायची नसते."

"मंग काय उपेग," दाजी म्हणाले, पण हसले. पुन्हा म्हणाले, "कडब्याचं परत सांगा."

मी कडब्याचं परत सांगितलं. पाइप खालच्या राखेपर्यंत जळाला. अर्ध्या-पाऊण तासात मी एवढं बोललो होतो की घसा कोरडा पडला, आणि पाइप ओढणारे प्राध्यापक वर्गात गप्प का राहत याचं आणखी एक कारण मला कळलं.

कडी वाजली. मी पाइप खिशात घातला. तो गरम असतो हे कागदात लिहिलेलं नव्हतं. अक्का आत आली, अंगणाच्या दारात थांबली आणि तिनं हवा हुंगली. माझ्याकडे बघितलंच नाही. कोनाड्यातली बॅटरी घेतली आणि दाजींसमोर उभी राहिली.

"आ करा."

हे रोजचंच असावं, कारण दाजींनी निमूट तोंड उघडलं. तिनं उजवा गाल बघितला, डावा बघितला, ओठ खाली ओढून बघितला. मग त्यांचे दोन्ही हात धरून नाकाशी नेले.

"हाताला वास हाय."

"हाताला हाय," दाजी म्हणाले. "तोंडाला न्हाई."

ती तो डावा तळहात तसाच धरून उभी राहिली. अंगठ्यानं तिनं त्यावरचा एक तपकिरी धागा काढून टाकला. काही बोलली नाही. माझ्या मांडीला चांगलाच चटका बसत होता, पण हलायची सोय नव्हती.

मग बॅटरी न विझवता ती माझ्याकडे वळली.

"आता तू आ कर."